पारिजाताचे अंगण आणि मोहाचे झाड : मराठी स्त्रीकथेतील पुष्पप्रतीकांविषयी

कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, सहाव्या सर्गात, इंदुमतीचे स्वयंवर आहे. इंदुमती ही विदर्भाच्या भोजराजाची बहीण. सुनंदा नावाची प्रतिहारी तिला एकेका राजासमोर नेते आणि त्याच्या पराक्रमाचे वर्णन करते. पहिला राजा मगधाचा परंतप. सुनंदेचे बोलणे संपते, इंदुमती त्याच्याकडे पाहते, एक साधा नमस्कार करते आणि काही न बोलता पुढे जाते. त्या किंचित वाकण्याने तिच्याजवळची दूर्वांकित माळ थोडीशी सरकते. नकाराचा इतका संयत क्षण संस्कृत काव्यात क्वचितच सापडेल. ही माळ कोणत्या फुलांची होती हेही कालिदास सांगून ठेवतो. ती मधूकाची, म्हणजे मोहाच्या फुलांची आहे. ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात विवाहासाठी सजविल्या जाणाऱ्या पार्वतीच्या केसांतही दूर्वा गुंफलेली फिकट मधूकाचीच माळ आहे. विदर्भाची राजकन्या आणि हिमालयाची कन्या या दोघींच्या विवाहप्रसंगी एकच रानफूल असावे, याकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत नाकाडोंगरी आहे. सातपुड्याच्या पायथ्याची ही झाडीपट्टी; बावनथडी नदी जवळून वाहते, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी याच पट्ट्यातल्या, आणि वनखात्याचे एक परिक्षेत्र नाकाडोंगरीच्या नावानेच ओळखले जाते. या बाजूच्या काही पदव्युत्तर विद्यार्थिनींसमोर हा श्लोक उलगडून सांगण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला होता. नकाराचे सौंदर्य, मौनाची ध्वन्यात्मकता, सरकलेल्या माळेतून सूचित होणारी भावावस्था असे सर्व सांगून झाल्यावर एकीने विचारले, “सर, पण ती फुलं वेचली कोणी?” प्रश्नात उपरोध नव्हता. मोहाचे फूल झाडावरून खुडून कोणी आणत नाही. ते रात्री उमलते, पहाटेपासून गळू लागते आणि ऊन चढेपर्यंत झाडाखाली त्याचा सडा पडतो. वेचायचे तर अंधारात घर सोडावे लागते आणि कंबर वाकवावी लागते. ज्यांच्या घरी फाल्गुन-चैत्रात हे काम चालते त्यांना माळ दिसली की वेचणारी आधी दिसते. आम्हाला, म्हणजे मराठीच्या अध्यापकांना, माळ दिसली की प्रतीक दिसते.

या प्रश्नाने प्रस्तुत लेखनाला सुरुवात झाली. मराठीतील स्त्रीविषयक आधुनिक कथेत फुलांची प्रतीके विपुल आहेत आणि त्यांच्यामागे पुराकथांचे पाठबळ आहे, हे समीक्षेने पुष्कळदा नोंदविले आहे. परंतु या प्रतीकांना ‘आदिम’ आणि ‘सनातन’ ठरविण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्यामुळे त्यांचा इतिहास दृष्टीआड होतो. कोणते फूल कोणी निवडले, कोणते गाळले आणि पुराकथेचा कोणता पाठ कथेपर्यंत पोहोचू दिला, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

इंदुमतीकडेच पुन्हा वळू. ती अजाला वरते. पुढे आठव्या सर्गात, नगराच्या उपवनात ती अजासह विहार करीत असताना आकाशमार्गाने गोकर्णाकडे निघालेल्या नारदाच्या वीणेवरील दिव्य फुलांची माळ वाऱ्याने सुटून तिच्या वक्षावर पडते आणि तिचा प्राण जातो. वसिष्ठ नंतर अजाला कारण कळवतो. ती मूळची हरिणी नावाची अप्सरा होती. तृणबिंदू ऋषीच्या शापाने तिला मनुष्यजन्म आला होता आणि दिव्य पुष्पांचे दर्शन ही त्या शापाची मर्यादा होती. अजाचा विलाप सर्वांना ठाऊक आहे. फुलांसारखी कोमल वस्तूही जीव घेऊ शकते, या त्याच्या उद्गारात प्रतीकवादी समीक्षेला हवे ते सर्व मिळते. पण दोन माळा शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या माळेने तिने नाकारले आणि निवडले, ती पृथ्वीवरच्या, जमिनीवरून वेचलेल्या फुलांची होती. जिने तिचा अंत केला ती स्वर्गातून, एका पुरुषाच्या वाद्यावरून आली. कालिदासाने हा विरोध हेतुपूर्वक योजला असेल असा आमचा आग्रह नाही. मात्र पुढच्या परंपरेने यांतली दुसरी माळ जपली आणि पहिली हरवली, असे म्हणण्यास आधार आहे.

तो आधार म्हणजे पारिजाताची कथा. येथेही फूल स्वर्गातले आहे आणि येथेही नारद आहे. ‘हरिवंशा’तील पाठात नारदाने दिलेले पारिजाताचे फूल कृष्ण रुक्मिणीला देतो, सत्यभामा कोपगृहात शिरते आणि तिच्या समजुतीसाठी पुढचे सारे घडते. लोकपरंपरेने या कथेला आणखी एक वळण दिले. झाड सत्यभामेच्या अंगणात लावले गेले, फुले मात्र भिंतीपलीकडे रुक्मिणीच्या अंगणात पडू लागली. ग. दि. माडगूळकरांच्या गीताने आणि माणिक वर्मांच्या स्वराने हे वळण मराठी घराघरांत गेले. चातुर्मासातल्या कहाण्यांमधील आवडती आणि नावडती राणी येथे दोन अंगणांच्या रूपाने उभी आहे. एक पुरुष, दोन स्त्रिया आणि मध्ये एक भिंत, ही रचना मराठी कौटुंबिक कथेने दीर्घकाळ वापरली. साप्ताहिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांवरील ‘दुसरी’च्या कितीतरी कथा या भिंतीच्या आधाराने वाढलेल्या आहेत. फूल कोणाच्या अंगणात पडते, यावर स्त्रीचे मूल्य ठरते. ते लावले कोणी आणि कोणाच्या इच्छेने, हा प्रश्न मात्र गौण राहतो.

याच कथेचा ‘विष्णुपुराणा’तील पाठ (पाचवा अंश) वेगळा आहे आणि तो आपल्या कथेपर्यंत जवळजवळ पोहोचलाच नाही. तेथे सत्यभामा रुसत नाही. ती युक्तिवाद करते. नंदनवनाचे रक्षक जेव्हा सांगतात की हे झाड शचीचे आहे, तेव्हा तिचे उत्तर असे : पारिजात समुद्रमंथनातून निघाला, तेथून निघालेली सुरा, चंद्र आणि लक्ष्मी ही जशी सर्वांची, तसे हे झाडही सर्वांचे, एकट्या इंद्राणीने त्यावर हक्क का सांगावा? सामाईक संपत्तीविषयी एका स्त्रीने केलेला इतका स्पष्ट दावा पुराणवाङ्मयात दुर्मिळच म्हणावा लागेल. तो दावा मागे पडला आणि ‘सत्यभामेचा रुसवा’ भाषेत रूढ झाला. पुराकथा आपल्यापर्यंत ‘जशीच्या तशी’ येते असे मानणाऱ्यांनी या गळतीचा विचार करावा. जंगलातल्या झाडावर हक्क कोणाचा हा प्रश्न नाकाडोंगरीच्या परिसरात आजही पुराणातला राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर तो ग्रामसभांच्या कागदांवर आला आहे.

आता आधुनिक कथेकडे. मराठीत स्त्रीजीवनाशी फुलाचे, विशेषतः कळीचे, जे समीकरण झाले ते फार जुने नाही. बालकवींची ‘फुलराणी’ हा त्यातला निर्णायक टप्पा आहे. प्रेमाची ओळख नसलेली कळी, सूर्यकिरणाशी तिचे जुळणारे नाते आणि पहाटे साऱ्या निसर्गाच्या साक्षीने लागणारे लग्न या क्रमात उमलणे आणि विवाह एकरूप होतात. ही एक नवी पुराकथाच होती. बालकवी १९१८ मध्ये गेले. पण त्यांनी दिलेला हा रूपबंध पुढच्या पिढीच्या मनात घर करून राहिला. (पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे रूपांतर करताना १९७५ मध्ये नाटकाला ‘ती फुलराणी’ हे नाव दिले. शिल्पकाराने घडविलेल्या स्त्रीची ग्रीक कथा आणि किरणाने उमलविलेल्या कळीची मराठी कथा एका फुलविक्या मुलीच्या डोक्यावर अशा एकत्र आल्या. तिला नेमके काय हवे आहे हे विचारण्याची वेळ दोन्ही कथांत शेवटीच येते.)

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केलेला ‘कळ्यांचे निःश्वास’ या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. या संग्रहाने उठविलेल्या वादळाची, लेखिका खरोखर स्त्री आहे की पुरुष यावर झालेल्या चर्चेची कथा सुपरिचित आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते शीर्षक. कळी हा शब्द लेखिकेने फुलराणीच्या घरातूनच घेतला आहे. पण त्याला ‘निःश्वास’ जोडला आहे. निःश्वास सोडण्यासाठी कळीला छाती हवी, श्वास हवा, म्हणजे ती आधी माणूस असायला हवी. आतल्या कथांत तर फुलांना जवळजवळ जागाच नाही. तेथे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचे वय उलटत चाललेल्या मुली आहेत, त्यांचा पगार आहे आणि त्या पगारावर चालणारी वडिलांची घरे आहेत. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या शीर्षकातला प्रश्न हिशेबाचा आहे. किरणाची वाट पाहणारी कळी येथे महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट पाहते, आणि तीही स्वतःसाठी नव्हे. शीर्षकातले प्रतीक आणि कथांतला व्यवहार यांच्यामधला हा ताण समीक्षेने बहुधा सोडून दिला. कळ्या न उमलल्याचे दुःख तिने पाहिले आणि संग्रहाला करुणरसाच्या खात्यात टाकले. आमच्या मते त्या कथा करुणेपेक्षा संतापाच्या अधिक आहेत; संतापाला फुलाचे नाव दिल्याखेरीज १९३३ मध्ये तो छापून वाचकांपर्यंत नेणे कठीण होते, एवढेच.

लगेच दुसऱ्या वर्षी, १९३४ मध्ये, दोन पुस्तके आली आणि दोन्हींचा विदर्भाशी संबंध आहे. कवी बी यांची ‘फुलांची ओंजळ’ आणि कुसुमावती देशपांडे यांचा कथासंग्रह ‘दीपकळी’. कुसुमावतींच्या शीर्षकात कळी आहे. मात्र ती ज्योतीची कळी आहे. फुलाला उमलविण्यासाठी बाहेरचा किरण लागतो. दिव्याची कळी स्वतः प्रकाश देते आणि त्यासाठी स्वतःचेच तेल जाळते. अमरावतीत जन्मलेल्या, नागपूरला महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या, १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झालेल्या या लेखिकेने शब्दाचा हा बदल सहज म्हणून केला असेल असे वाटत नाही. तिच्या पुढच्या संग्रहांची नावे ‘दीपदान’, ‘मोळी’ आणि ‘दीपमाळ’ अशी आहेत. दिव्यांच्या या रांगेत मध्येच एक जळाऊ लाकडांचा भारा यावा, हे मोठे सूचक आहे. ज्योतीला इंधन लागते आणि ते कोणाच्या तरी डोक्यावरून येते. कुसुमावतींच्या कथा कथानकाच्या दृष्टीने विरळ आहेत, त्यांत ‘घडत’ काही नाही, ही तक्रार जुनी आहे. पण फुलाच्या रूपकाला कथानक हवे असते. कळी, उमलणे, कोमेजणे हा त्याचा ठरलेला क्रम आहे. कथानक सैल करणे म्हणजे त्या क्रमातून स्त्रीला मोकळे करणे होय, अशा दृष्टीने हे लेखन नव्याने वाचता येईल.

मालतीबाईंच्या पुढच्या कादंबऱ्यांपैकी दोघींची नावे ‘जाई’ आणि ‘शबरी’ अशी आहेत. एक फूल, दुसरी पुराकथा. शबरी ही रानातली वेचणारी बाई. रामायणात मात्र तिच्या वेचण्याला अर्थ प्राप्त होतो तो खाणारा आल्यावर.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः साठनंतर, पुराकथेकडे पाहण्याची दृष्टी मराठीत अधिक सजग झाली. दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावतीबाई कर्व्यांचा ‘युगान्त’ (१९६७) यांनी महाभारतातील स्त्रियांना प्रतीकांच्या मखरातून उतरवून माणसांत आणले. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ १९७८ मध्ये आला. शिराच्या जागी कमळ असलेल्या या देवीच्या प्रतिमा दख्खनमध्ये अनेक ठिकाणी सापडल्या आहेत. ढेऱ्यांनी मातृपूजेच्या प्राचीन धाग्यांतून त्यांचा जो अर्थ उलगडला तो मराठी संस्कृतिविचारातील एक ठेवा आहे आणि त्याच्याशी आमचा कसलाही वाद नाही. वाद आहे तो त्याच सुमारास बळावलेल्या एका समीक्षापद्धतीशी. आदिबंध ही संकल्पना हाती आल्यावर कथेतल्या कोणत्याही स्त्रीच्या आसपास फूल दिसले की भूमाता, कोणतेही पाणी दिसले की गर्भ, आणि कोणताही वियोग दिसला की पर्सेफोनी, असा अर्थ लावणे सोपे झाले. कथेतली बाई विचार करीत असते, भांडत असते, पैसे मोजत असते. समीक्षक तिच्या डोक्याच्या जागी कमळ बसवतो आणि तिला देवी म्हणतो. शिल्पात जे श्रद्धेने घडले ते समीक्षेत आळसाने घडते.

पर्सेफोनीचाच विषय निघाला आहे तर एक तुलना करून पाहू. ग्रीक स्तोत्रात ती मैत्रिणींसह कुरणात फुले वेचीत असते. तिला भुलविण्यासाठीच उगवलेल्या अपूर्व नर्गिसाकडे ती हात पसरते, जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा तिला पळवून नेतो. फूल हे येथे आमिष आहे. विदर्भाच्या पुराकथेतही एक हरण आहे. रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनाला जाते आणि तेथून कृष्ण तिला घेऊन जातो. पण ‘भागवता’तील रुक्मिणीने स्वतःच्या हरणाची योजना स्वतः कळविली आहे, निरोप पाठविणारी ती आहे, आणि मराठी परंपरेत त्या निरोपाचे पत्र झाले. तेराव्या शतकात रिद्धपूरला महदाइसेने याच विवाहाचे ‘धवळे’ रचले. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले आणि चांगला वर मिळावा म्हणून मुलींनी त्याचे पारायण करण्याची प्रथा पडली. लिहिणाऱ्या मुलीची कथा वाट पाहणाऱ्या मुलींच्या हाती व्रत म्हणून दिली गेली, हा विपर्यास थोडा हसू आणणारा आहे. तरीही महत्त्वाचे हे की आपल्याकडील आद्य वैदर्भीच्या हातात फूल नाही, लेखन आहे. पर्सेफोनीचा साचा तिच्यावर चढविला तर तिचे हेच वैशिष्ट्य पुसले जाते.

गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकातील तीन दीर्घकथांपैकी एकीचे नाव ‘कारावासातून पत्रे’ आहे. स्त्रीने लिहिलेल्या पत्राची ही परंपरा तिथे अगदी वेगळ्या वळणावर येऊन पोहोचते. ही पत्रे पळवून नेण्याच्या विनवणीची नाहीत. कोणी यावे आणि सोडवावे अशी अपेक्षाच त्यांतून हळूहळू गळून जाते. आणि पुस्तकाच्या शीर्षकात फूल नाही, पान आहे. मराठी स्त्रीकथेच्या शीर्षकांचा इतिहास कोणी लिहिलाच तर १९३३ ची कळी आणि १९८० चे गळणारे पान यांच्यामधल्या सत्तेचाळीस वर्षांवर त्याने एक प्रकरण खर्च करावे. पानाला विवाहाची पुराकथा नसते. ते कोणाला वाहिले जात नाही (बेल आणि तुळस सोडून), केसांत माळले जात नाही, आणि गळताना त्याला कोणाच्या अंगणाची भिंत आडवी येत नाही. गौरी देशपांड्यांच्या नायिका सुस्थित, इंग्रजी वाचणाऱ्या, देशोदेशी फिरणाऱ्या आहेत, हा आक्षेप रास्त आहे. त्या मोहाच्या झाडाखाली कधी गेल्या नसतील. पण पारिजाताच्या अंगणातून त्या बाहेर पडल्या, हे मान्य करावे लागते.

ऊर्मिला पवार यांची ‘कवच’ ही कथा या इतिहासात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, जरी तीत फूल नसून फळ आहे. कोकणातली दलित आई आंबे विकते. तिच्या शाळकरी मुलाच्या कानांवर आंबा या शब्दाला चिकटविलेला, बाईच्या शरीराकडे बोट दाखविणारा द्व्यर्थ पडतो आणि त्याला आईची, तिच्या धंद्याची लाज वाटू लागते. बाजारात गिऱ्हाइके त्याच द्व्यर्थाने बोलतात आणि आई त्यांना आपल्या तिखट जिभेने परतवते. आता हे नीट पाहावे. स्त्रीदेह आणि फळ-फूल यांची तुलना हा काव्यशास्त्राने गौरविलेला व्यापार आहे. ओठ, स्तन, हात, पाय यांना उपमाने पुरविण्यात पिढ्यान्पिढ्यांचे कवी खपले. तोच व्यापार या कथेत बाजाराच्या रस्त्यावर येतो आणि अश्लील छळ म्हणून उघडा पडतो. उपमा देणारा कोण, घेणारी कोण आणि टोपली कोणाच्या डोक्यावर आहे, हे दिसू लागले की अलंकाराचा गोडवा टिकत नाही. शीर्षकात कर्णाचे कवच आहे. पुराणातले कवच जन्माने मिळते आणि मागणाऱ्याला कापून दिले जाते. या आईचे कवच तिच्या बोलण्यात आहे आणि ती ते कोणाला देणार नाही. पुराकथेचा असा उपयोग आदिबंधाच्या कोष्टकात बसत नाही, कारण येथे आधीची कथा अर्थ पुरवीत नाही. तिच्याशी भांडून अर्थ मिळविला जातो.

अशा भांडणाची एक नोंद पाश्चात्त्य कथेतही आहे. डी. एच. लॉरेन्सच्या १९११ मधील शेवंतीवरील प्रसिद्ध कथेत कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणारी एलिझाबेथ आहे. तिची लहान मुलगी शेवंतीच्या वासाने हरखते तेव्हा आई तिला तोडून टाकते : लग्नाच्या वेळी शेवंती होती, मुलगी झाली तेव्हा होती आणि नवरा पहिल्यांदा दारू पिऊन घरी आणला गेला तेव्हाही त्याच्या कोटाला शेवंतीच होती. येथे प्रतीकाचा अर्थ समीक्षकाने लावण्याची गरजच उरलेली नाही. कथेतल्या बाईने तो आधीच लावला आहे आणि त्याला ती कंटाळली आहे. स्टाइनबेकच्या १९३७ मधील कथेत एलिसा जिवापाड वाढविलेल्या शेवंतीची रोपे एका फिरत्या कल्हईवाल्याला कुंडीत घालून देते. तो रोपे रस्त्यावर फेकतो आणि कुंडी ठेवून घेतो. दोन्ही कथा आपल्या विद्यापीठांतील इंग्रजी विभागांत प्रतीकवादाची उदाहरणे म्हणून शिकविल्या जातात. पहिलीतली खाण आणि दुसरीतली कुंडी यांच्याविषयी मात्र फार थोडे बोलले जाते. ज्या तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत तेथे हे मौन अधिकच खटकते.

मोहाचे फूल मराठी कथेत का आले नाही, हा प्रश्न आता टाळता येत नाही. मुख्य प्रवाहातील संग्रहांत ते अपवादानेच भेटते आणि भेटले तर दारूच्या वासासह, आदिवासी पुरुषाच्या हातातल्या भांड्यात. एक कारण भाषेचे आहे. ‘मधूक’ प्राकृतातून ‘महुअ’ आणि मराठीत ‘मोह’ झाला. त्याचा ‘मोह’ म्हणजे भुरळ या तत्सम शब्दाशी काही संबंध नाही. पण शहरी वाचकाला झाडाचे नाव ऐकताच मोहजाल आठवते आणि झाडावर एक खोटी पुराकथा आपोआप चढते. दुसरे कारण कायद्याचे. मुंबई दारूबंदी कायद्याने (१९४९) मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर निर्बंध घातले. राज्य शासनाने ते उठविण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला. पार्वतीच्या केसांतले फूल तिच्याच वनकन्यांनी डालीत भरून नेले तर तो गुन्हा ठरू शकत होता. तिसरे कारण आमच्या क्षेत्राचे आहे आणि तेच सर्वांत जड आहे. पारिजात आणि मोह दोन्ही रात्री उमलतात, दोन्ही पहाटे गळतात, दोन्ही जमिनीवरून वेचली जातात. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही, याला पारिजाताचा अपवाद परंपरेनेच केला आहे. इतके साम्य असूनही एक प्रतीक झाले आणि दुसरे वनोपज राहिले. ज्या अंगणात कथा लिहिली आणि वाचली जात होती, त्या अंगणात पारिजात होता. मोहाचे झाड अंगणात लावीत नाहीत, त्याच्याकडे जावे लागते. प्रतीकाच्या निवडीमागे पुष्कळदा एवढेच भौगोलिक कारण असते.

मोहाखालचा पाचोळा आधी झाडून किंवा जाळून जमीन मोकळी करावी लागते. याच जाळण्यावरून उन्हाळ्यात वनरक्षकांशी वाद होतात. फुले मांसल, चिकट आणि गोड असतात. वटवाघळे रात्री झाडावर येतात, गुरे सकाळी खाली येतात, अस्वलाचीही धास्ती असते. म्हणून त्या सर्वांच्या मधल्या वेळेत पोहोचावे लागते. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात, वाळल्यावर ती तपकिरी पडतात आणि वजनाला पुष्कळ उतरतात. विकली जातात ती वाळलेली. ओल्या फुलाचे ओझे बाईने वाहायचे आणि भाव वाळल्या फुलाला मिळायचा, या व्यवहारात कथेला पुरेल एवढा संघर्ष आहे. झाडीबोलीत लिहिणाऱ्यांची आता एक पिढी तयार झाली आहे आणि तिला तो दिसणार यात शंका नाही. वऱ्हाडातील उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) मधली कौतिक आठवावी. फुलाशिवाय, केवळ चुलीच्या आणि पोटाच्या आगीवर, विदर्भाने एक मोठी स्त्रीव्यक्तिरेखा मराठीला दिलेली आहे.

इंदुमतीची फुले वेचली कोणी, असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीने पुढे सत्रान्ताच्या स्वाध्यायासाठी एक छोटी कथा लिहून दिली होती. तीत एक मुलगी आहे, तिची आई आहे आणि चैत्रातली एक पहाट आहे. मुलीला त्या दिवशी परीक्षेला जायचे आहे. तरी ती आधी झाडाखाली येते. दोघी वेचतात, मध्ये एकदाच बोलतात, आणि आई टोपली पाहून ‘आज पायलीभर तरी होईल’ असे म्हणते. संपूर्ण कथेत एकही उपमा नाही. फूल कशासारखे आहे, हे तिने कुठेच लिहिले नाही. प्रस्तुत लेखकाने समासात पेन्सिलीने शेरा लिहिला होता : ‘प्रतीकात्मकता वाढवावी.’ वही परत देण्यापूर्वी तो खोडला. पण खोडरबराखालीही अक्षरे पुरती गेली नाहीत आणि तिने ती वाचली असणार.